कॅमेरा कोणाचा, आवाज कोणाचा आणि प्रत कोणाकडे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत २०२७ चा सिंहस्थ आणि नाशिक जिल्ह्यातील आदिवासी उत्सव यांच्या चित्रीकरणाविषयी लेख आला. मुखवट्यांच्या सोंगांचा बोहाडा आणि डोंगऱ्या देवाचे व्रत जगापुढे न्यावे, त्यासाठी फ्रेंच मानवशास्त्रज्ञ ज्याँ रूश यांनी पश्चिम आफ्रिकेत केलेल्या चित्रपटांचा नमुना समोर ठेवावा, असे त्यात सुचवले आहे. रूश यांचे काम मोठे आहे, त्याबद्दल आमचा वाद नाही. पण ज्यांचे चित्रण झाले, त्या आफ्रिकी माणसांचे त्यावर काय म्हणणे होते, याला लेखात एक ओळही मिळालेली नाही. नमुना घ्यायचा तर त्यांचे म्हणणेही सोबत घ्यावे लागेल. त्यात रागाबरोबर कामाची शिकवणही भरपूर आहे.

१९६५ साली सेनेगलचे दिग्दर्शक उस्मान सेम्बेन आणि रूश यांचे समोरासमोर बोलणे झाले. ते छापून आलेले आहे. सेम्बेन यांनी रूश यांना तोंडावर सांगितले, की तुम्ही आणि तुमचे आफ्रिकातज्ज्ञ आमच्याकडे किड्यामुंग्यांकडे पाहावे तसे पाहता. हे वाक्य सगळे सांगतात आणि तिथेच थांबतात. सेम्बेन यांची खरी तक्रार अशी होती, की या चित्रपटांत आमचे वास्तव दिसते, पण ते कुठून आले आणि कुठे चालले आहे ते दिसत नाही. माणूस जणू त्या विधीपुरता जन्मलेला असतो. त्याच बोलण्यात त्यांनी रूश यांच्या १९५८ च्या ‘मोआ, अँ न्वार’चे मोल मान्य केले आणि असेही म्हटले, की तत्त्वतः हा चित्रपट एखाद्या आफ्रिकी माणसाला करता आला असता, पण त्या वेळी आमच्यापैकी कोणी तो करण्याच्या स्थितीत नव्हता.

स्थितीत का नव्हता, हे नाशिककरांनी नीट समजून घ्यावे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ झाला आणि त्याच वर्षी ते नाशिकला येऊन ‘मोहिनी भस्मासुर’च्या कामाला लागले. इंग्रजांचे राज्य असताना एका देशी माणसाने देशी विषयावर कॅमेरा लावला. इंग्रजांचा १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा होता तो मुख्यतः चित्रपट दाखवण्यावर. फ्रेंच वसाहतींत बंधन होते ते थेट चित्रीकरणावर. १९३४ साली फ्रान्सचे वसाहतमंत्री पिएर लावाल यांच्या हुकमाने तिथे चित्रपट काढायचा तर आधी सरकारी परवानगी आवश्यक झाली. काढणारा कोण, संहिता काय, ध्वनीत काय असेल, सगळे आधी दाखवायचे. हा हुकूम मोडून पश्चिम आफ्रिकेतली वसाहतशाही दाखवली म्हणून रने व्होतिए या फ्रेंच तरुणाला तुरुंगात जावे लागले. पॅरिसच्या चित्रपट संस्थेत शिकून बाहेर पडलेले पहिले आफ्रिकी पदवीधर पोलाँ सुमानू व्हिएरा यांना आणि त्यांच्या मित्रांना आपल्या भूमीवर चित्रीकरण करता आले नाही. म्हणून १९५५ साली त्यांनी ‘आफ्रिक-स्यूर-सेन’ पॅरिसमध्येच, तिथल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांवर केला. सेम्बेन यांचा ‘बोरोम सारेत’ १९६३ चा. फाळक्यांच्या आणि त्यांच्या पहिल्या पावलात बरोबर पन्नास वर्षांचे अंतर आहे. आफ्रिकी माणसाकडे सांगण्यासारखे नव्हते म्हणून हे अंतर पडले नाही. लेखात रूश यांना ‘आफ्रिकी सिनेमाचे जनक’ म्हटले आहे. तो मान सेम्बेन यांना दिला जातो, ही दुरुस्ती आपण छापावी अशी विनंती आहे.

आता त्या चित्रपटाकडे येऊ, ज्यावरून सर्वांत मोठे वादळ झाले. ‘ले मेत्र फू’, १९५५. आक्रा शहरात नायजरकडून मजुरीला आलेली माणसे हाउका नावाच्या पंथात होती. त्यांच्या अंगात देव येत नसे, गोरे साहेब येत. गव्हर्नर, सेनापती, रेल्वेचा इंजिनचालक. तोंडाला फेस, थरथरणारी शरीरे, कुत्र्याचा बळी आणि त्याचे मांस खाणे, हे सगळे चित्रपटात आहे. गव्हर्नरच्या पुतळ्यावर अंडे फोडले जाते आणि लगेच खऱ्या गव्हर्नरच्या पिसांच्या टोपीचे दृश्य येते. संकलन कमालीचे हुशार आहे. विशेष म्हणजे चित्रण करा असे सांगणारे पंथाचे लोकच होते, म्हणजे संमती होती. तरीही पॅरिसच्या मानव संग्रहालयात पहिल्यांदा दाखवल्यावर तिथले आफ्रिकी प्रेक्षक खवळले आणि रूश यांचे गुरू मार्सेल ग्रिओल यांनी चित्रपट नष्ट करण्याचा सल्ला दिला. इंग्रजांनी गोल्ड कोस्टमध्ये (आजच्या घानात, आक्रा तिथलेच) त्यावर बंदी घातली ती वेगळ्या कारणाने. त्यात त्यांना आपल्या गव्हर्नरचा अपमान दिसला.

आफ्रिकी प्रेक्षकांना खुपले ते असे. हाउकांचे बोलणे आपल्यापर्यंत पोचते ते रूश यांच्या आवाजातल्या फ्रेंच निवेदनातून. त्यांना घाम का येतो, ते काय म्हणतात, याचा अर्थ काय, दुसऱ्या दिवशी ते कामावर हसताना दिसतात ते का, सगळे एकच माणूस सांगतो आणि तो त्यांच्यातला नाही. पॅरिसचा प्रेक्षक घरी जाताना फेस आणि कुत्रा घेऊन जातो. गोदीतली आणि खाणीतली मजुरी, गावापासूनचे अंतर आणि साहेबाची रोजची दहशत मागे राहते. संमती घेतली म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्या प्रत्येकाने हा चित्रपट लक्षपूर्वक पाहावा.

निवेदनाचा हा जुलूम काही अंशी यंत्रातून आला होता, हेही सांगितले पाहिजे. रूश यांचा सुरुवातीचा १६ मिमी कॅमेरा चावीचा होता. एकदा चावी भरली की सलग जेमतेम २५ सेकंद चित्रण होई. १०० फुटी रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने पावणेतीन मिनिटांत संपे. कॅमेऱ्याचा खडखडाट मोठा, आणि चित्राशी ओठ जुळतील असा ध्वनी जागेवर घेणे अशक्य. त्यामुळे बोलणारी माणसे मुकी होत आणि ती पोकळी निवेदक भरून काढी. ‘मोआ, अँ न्वार’मध्ये रूश यांनी यावर तोड काढली. आयव्हरी कोस्टमधल्या अबिदजानच्या त्रेशव्हिल वस्तीत मुके चित्रण केले आणि नंतर ते पडद्यावर दाखवून त्यातल्याच उमारू गांदा यांना बोलायला लावले. गांदा स्वतःच्या आयुष्यावर जे उत्स्फूर्त बोलले, तेच चित्रपटाचे निवेदन झाले. हे पाऊल मोठे होते. पण विषय, क्रम आणि कात्री रूश यांच्याच हाती राहिली, आणि गांदा यांना स्वतःचे ते चित्र पुरेसे वाटले नाही. इंडोचायनाच्या युद्धात फ्रेंच सैन्यातून लढून आलेल्या माणसाचे काय होते, हे त्यांनी पुढे ‘काबास्काबो’ हा स्वतःचा चित्रपट काढून आणि त्यात स्वतः काम करून सांगितले. १९७२ साली वागादुगूच्या आफ्रिकी चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक पहिल्यांदा दिले गेले, तेही गांदा यांनाच, दुसऱ्या एका चित्रपटासाठी. ज्याचे चित्रण झाले त्याने कॅमेरा हाती घेऊन उत्तर दिले, याहून चोख समीक्षा आम्हाला ठाऊक नाही.

१९६० नंतर खांद्यावर घेता येणारे, आवाज न करणारे कॅमेरे आणि नाग्रा टेपरेकॉर्डर आले. जागेवरचा ध्वनी मिळू लागला आणि यंत्राची सबब संपली. डेव्हिड आणि ज्युडिथ मॅकडूगल या माहितीपटकार दांपत्याने १९६८ साली युगांडातल्या जिये पशुपालकांचे बोलणे तसेच ठेवून खाली उपशीर्षके दिली. पडद्यावरचा माणूस स्वतःच्या भाषेत वाक्य पुरे करू लागला. मात्र निवेदन काढून टाकले की प्रश्न मिटतो, असेही नाही. रॉबर्ट गार्डनर या अमेरिकी दिग्दर्शकाच्या बनारसवरील १९८६ च्या ‘फॉरेस्ट ऑफ ब्लिस’मध्ये निवेदन नाही आणि उपशीर्षकेही नाहीत. घाटावरची माणसे दीड तास बोलतात आणि बाहेरच्या प्रेक्षकाला त्यातले काही कळत नाही. हीसुद्धा एक प्रकारची मूक माणसेच.

रूश यांच्याकडून घ्यायचीच असेल तर एक गोष्ट मनापासून घ्यावी: चित्रपट परत नेऊन गावाला दाखवणे. नायजर नदीवरच्या आयोरू इथे पाणघोड्याच्या शिकारीवर त्यांनी १९५१ साली चित्रपट केला होता. पुढे प्रोजेक्टर घेऊन ते तिथे गेले आणि गावकऱ्यांसमोर पडदा लावला. लोकांनी पुन्हा पुन्हा दाखवायला लावले आणि मग दोष काढायला सुरुवात केली. शिकारीच्या ऐन प्रसंगावर रूश यांनी पार्श्वसंगीत टाकले होते, तेही तिथलीच, शिकाऱ्याला धीर देणारी पारंपरिक धून. गावकरी म्हणाले, हे चूक आहे. पाणघोड्याला पाण्याखाली फार चांगले ऐकू येते, असे वाजवले तर तो पळून जाईल. शिकारीच्या वेळी शांतता हवी. रूश यांनी ते संगीत काढून टाकले. धून अस्सल होती, वाद्य अस्सल होते, फक्त जागा चुकली होती, आणि हे पॅरिसमधल्या एकाही जाणकाराच्या ध्यानात आले नव्हते. त्या प्रदर्शनातूनच दामूरे झिका आणि लाम इब्राहिमा दिया यांच्याबरोबरच्या पुढच्या चित्रपटांची कल्पना निघाली. त्यातल्या एकात दामूरे पॅरिसमध्ये जाऊन येणाऱ्याजाणाऱ्यांची डोकी मोजतात आणि दात तपासतात. आपल्याकडे साहेबांनी माणसे मोजून त्यांचे खंडच्या खंड छापले, ते आठवून हे दृश्य पाहावे.

सेनेगलच्या साफी फाय यांचे काम इथे विशेष महत्त्वाचे आहे. डाकारमध्ये शिक्षिका असताना त्यांची रूश यांच्याशी ओळख झाली, त्यांच्या चित्रपटात त्यांनी काम केले, मग पॅरिसला मानवशास्त्र आणि चित्रपट दोन्ही शिकल्या आणि १९७५ साली आपल्या सेरेर जमातीच्या गावात ‘काद्दू बेकात’ केला. त्यात विधी कमी आणि भुईमुगाचा भाव जास्त आहे. पाऊस नाही, एकाच नगदी पिकावर सगळे अवलंबून, कर भरायचा आहे, आणि झाडाखाली बसलेले शेतकरी हे स्वतःच्या तोंडाने बोलतात. सेनेगल सरकारने त्यावर बंदी घातली. फेस आणि मुखवटे दाखवणाऱ्या चित्रपटाची स्वतंत्र देशातल्या सरकारला अडचण होत नाही, भाव विचारणाऱ्या चित्रपटाची होते.

आता आमचा मुख्य मुद्दा. लेखाचा सूर असा आहे, की आपण नाशिककर म्हणजे आफ्रिकेच्या जागी आणि येणारे परदेशी म्हणजे युरोप. आम्हाला हे पटत नाही. नाशिक शहरातून कॅमेरा घेऊन सुरगाणा किंवा पेठ तालुक्यात जाणारा मराठी चमू तिथल्या कोकणा, वारली किंवा महादेव कोळी माणसासाठी बाहेरचाच असतो. भाषा वेगळी, कात्री आपल्या हाती, प्रत आपल्याकडे. त्या वेळी आपण रूश यांच्या जागी असतो. सेम्बेन यांचा प्रश्न आपल्यालाही लागू आहे, आणि आधी आपल्याला लागू आहे.

बोहाड्याचेच घ्या. सोंग संबळाच्या ठेक्यावर नाचत हळूहळू पुढे येते. एका सोंगाला लागणारा वेळ हा त्या खेळाचा प्राण आहे. संकलनात त्याचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे करून त्यावर स्टुडिओतले ढोल टाकले, की आयोरूची चूक पुन्हा होते, आणि ती काढायला रूश यांच्यासारखे परत जाणारे फार थोडे. किमान एक सोंग निघाल्यापासून परत फिरेपर्यंत न कापता घ्यावे. ध्वनीसाठी एक वेगळा रेकॉर्डर वाजंत्र्यांपासून दहा-बारा पावलांवर उभा करून रात्रभर चालू ठेवावा. संबळ अचानक चढतो आणि आवाज फाटतो, म्हणून सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी पातळी आधीच लावावी. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ ध्वनीला तासाला साधारण १ जीबी जागा लागते. आठ तासांना १६ जीबीचे कार्ड पुरते, तेव्हा जागेची काटकसर करण्याचे कारण नाही. कॅमेऱ्यावरचा माईक मात्र विसरा. त्यात कॅमेरावाल्याचे श्वास आणि मागच्या मोबाइलवाल्यांची चर्चा येते.

प्रकाशाचा अपराध याहून मोठा. मुखवटा चढवलेल्या माणसाला बाहेरचे दिसते ते लहानशा भोकांतून. समोरून एलईडीचा झोत मारला तर त्याला काहीच दिसत नाही, तो अडखळतो, ठेका चुकतो आणि खेळ कॅमेऱ्यासाठी थांबतो. आजचे कॅमेरे टेंभ्यांच्या आणि मांडवातल्या बल्बांच्या उजेडात चित्र घेतात. थोडे दाणेदार आले तरी चालेल. दिवा लावायचाच असेल तर बाजूने, उंचावर, कापड बांधून, आणि सोंगाचा मान ज्या घराकडे आहे त्यांना आधी विचारून.

डोंगऱ्या देवाच्या बाबतीत ‘ले मेत्र फू’चा इशारा अधिकच लागू पडतो. मार्गशीर्षात माउल्यांच्या, म्हणजे व्रत धरलेल्या माणसांच्या, अंगात वारे येते, आणि कॅमेरा धावतो तो त्या चेहऱ्याकडे. हा क्षण एका मोबाइलमधून दुसऱ्यात अर्ध्या मिनिटाचा तुकडा होऊन फिरला, की माणूस संपतो आणि फक्त थरथर उरते. ज्याच्या अंगात येते त्याला त्या वेळी संमती देता येत नाही. म्हणून ती आधी घ्यायची आणि नंतर, शुद्धीवर असताना चित्रण दाखवून पुन्हा घ्यायची. दुसरे म्हणजे तोच माणूस त्याआधी निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत छाटणीला आला होता का, मजुरी काय मिळाली, व्रतासाठी कामावरून सुटी कशी काढली, हे त्याच चित्रपटात यायला हवे. माणूस कुठून आला आणि कुठे चालला, ही जी हालचाल सेम्बेन मागत होते ती हीच.

उपशीर्षकांबद्दल थोडेच. एका वेळी दोन ओळी, ओळीत चाळिसेक अक्षरे, पडद्यावर एक सेकंदापेक्षा कमी नको आणि सहा-सात सेकंदांपेक्षा जास्त नको. कोकणा बोलीचे भाषांतर बोलणाऱ्याशेजारी बसून करावे. नाशिकला आणून अंदाजाने केले, की देवांची नावे आणि शिव्या दोन्ही चुकतात. आणि बोलीचे ‘शुद्ध’ मराठीत डबिंग तर कोणीही करू नये.

संमतीच्या कागदावर आम्ही मुद्दाम विस्ताराने लिहितो, कारण इथे फसवणूक न्यायालयात टिकेल अशी होते. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम ३८ नुसार सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क असतो. सादरकर्त्याची व्याख्या सैल आहे. गायक, वादक, नर्तक, अगदी गारुडीसुद्धा तीत येतो. पण २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३८-अ सांगते, की चित्रपटात समावेश करायला एकदा लेखी संमती दिली, तर करारात उलट काही लिहिलेले नसल्यास निर्मात्याने तो हक्क वापरण्याला हरकत घेता येत नाही. व्यापारी वापर झाला तर रॉयल्टी मागता येते, आणि ३८-ब नुसार नाव लावण्याचा व बदनामीकारक मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क राहतो. याचा अर्थ, गडबडीत अंगठा घेतलेला एका पानाचा इंग्रजी ‘रिलीज फॉर्म’ ही साधी पोच नसते. ‘उलट काही’ लिहायची जागा तीच आणि वेळही तीच. कागद मराठीत असावा, बोलीत वाचून दाखवावा, वाचतानाचा आवाज ध्वनिमुद्रित करावा, आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: हे चित्रण फक्त या चित्रपटासाठी, जाहिरातीला किंवा दुसऱ्याला विकायचे तर पुन्हा विचारणे, आणि कच्चे संकलन गावाला दाखवल्याशिवाय अंतिम प्रत न करणे.

शिवाय पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके आणि दिंडोरी, इगतपुरी, बागलाण यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याच्या (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींविषयीच्या) कलम ४ मध्ये लोकांच्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचे सामर्थ्य ग्रामसभेला दिलेले आहे. तेव्हा सरपंचांना फोन आणि भगताला शाल, एवढ्यावर परवानगी झाली असे मानू नये. विषय ग्रामसभेत मांडावा, ठराव घ्यावा, आणि एखादे सोंग किंवा एखादी जागा चित्रणातून वगळायला सांगितली तर ती वगळावी.

राहिली प्रत. आफ्रिकेतल्या एका मोठ्या कालखंडाच्या चित्रपटांच्या निगेटिव्ह आजही पॅरिसकडे आहेत, आणि आपल्याच आजोबांना पाहायला आफ्रिकी अभ्यासकाला व्हिसा काढावा लागतो. आपल्याकडे निगेटिव्हची जागा हार्ड डिस्कने घेतली आहे आणि ती मुंबईला, दिल्लीला किंवा बर्लिनला जाते. चित्रणाची पूर्ण प्रत, म्हणजे न कापलेली, ग्रामपंचायतीत किंवा गावच्या शाळेत एका हार्ड डिस्कवर द्यावी आणि दुसरी दुसऱ्या इमारतीत ठेवावी. एकच डिस्क कपाटात पडून राहिली की काही वर्षांत उघडत नाही. तयार चित्रपट मात्र पेनड्राइव्हवर, साध्या एमपी-फोर स्वरूपात द्यावा, गावातल्या टीव्हीला तोच चालतो. सेकंदाला ८ मेगाबिटने तासाभराचा चित्रपट साधारण ३.६ जीबीचा होतो. त्याहून लांब असेल तर दोन भाग करावेत, कारण पुष्कळ पेनड्राइव्ह एका फाइलला ४ जीबीपेक्षा मोठे घेत नाहीत आणि मग चमू निघून गेल्यावर गावाच्या हाती रिकामी वस्तू राहते. देण्याआधी ती गावातल्याच एखाद्या टीव्हीवर शेवटपर्यंत चालवून पाहावी.

आपले,
माहितीपटांचे काम करणारे काही वाचक,
नाशिक